हिस्सा विकायचा तर आधी घरच्यांना: अग्रक्रयाचा हक्क कसा चालतो, कसा वापरायचा

वडील गेले, मृत्युपत्र केलेले नव्हते. तालुक्याच्या गावातले घर आई, दोन मुलगे आणि एक मुलगी अशा चौघांच्या नावावर चढले. काही वर्षांनी धाकटा सांगतो, "मला माझा चौथा हिस्सा विकायचाय, गिऱ्हाईकही मिळालंय." थोरल्याच्या मनात लगेच दोन प्रश्न येतात. मला न विचारता याला विकता येईल का? आणि मीच घेतो म्हटले तर त्याने मलाच द्यायला हवा का?

धाकट्याला स्वतःचा अविभक्त हिस्सा विकायला इतरांची संमती लागत नाही. मात्र हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार तो हिस्सा घेण्यात बाकीच्या वारसांना प्राधान्य आहे. कायद्याच्या मराठीत याला अग्रक्रयाधिकार म्हणतात. लोकांच्या डोक्यात यातला एक फरक बसत नाही आणि निम्मी भांडणे तिथेच सुरू होतात: हा हक्क विक्री अडवण्याचा नाही, विकत घेण्याचा आहे. "मी घेणारही नाही आणि तुला विकूही देणार नाही" असे म्हणणाऱ्याच्या मागे कलम २२ उभे राहत नाही. ज्याला हा हक्क वापरायचा आहे त्याच्याकडे पैसे, कागद आणि तारखांचे भान, तिन्ही हवे.

आधी पाहा, हक्क आहे का

पहिली गोष्ट मृत्यूची. मिळकत मृत्युपत्राशिवाय, म्हणजे कायद्याने वारसांकडे आलेली हवी. वडिलांनी मृत्युपत्र करून प्रत्येकाला हिस्सा नेमून दिला असेल, तर कलम २२ चा आधार नाही.

दुसरी गोष्ट वारसांची. हा हक्क वर्ग १ च्या वारसांना आपापसात आहे. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई, आणि आधीच वारलेल्या मुलाची विधवा व त्याची मुले हे त्यातले नेहमी भेटणारे वारस. बाप आणि भाऊ वर्ग १ मध्ये येत नाहीत. हे वाचून भाऊ लोक दचकतात, पण घाबरायचे कारण नाही: वडिलांच्या मिळकतीत दोन भाऊ एकमेकांचे भाऊ म्हणून नव्हे, तर वडिलांची मुले म्हणून वारस असतात. घोळ होतो तो निपुत्रिक, अविवाहित भावाची मिळकत इतर भावंडांकडे येते तेव्हा. तिथे ते वर्ग २ चे वारस असतात आणि कलम २२ लागू होत नाही.

आईच्या नावावरच्या मिळकतीबद्दल आणखी सावध राहा. हिंदू स्त्रीच्या वारसांचा क्रम कलम १५ मध्ये वेगळा दिलेला आहे, आणि कलम २२ मात्र अनुसूचीतल्या वर्ग १ बद्दल बोलते. म्हणून आईच्या फ्लॅटमध्ये हा हक्क आहेच, असे धरून नोटिसा पाठवू नका. काका-पुतण्यांतही तसेच. आजोबांकडून काकाला आलेला हिस्सा आणि नंतर वडील वारल्यावर पुतण्याला आलेला हिस्सा हे दोन वेगवेगळ्या मृत्यूंचे वारसे आहेत. प्रत्येक मृत्यू वेगळा लिहून काढा: कोण, कधी वारले, मागे कोण होते. एका कोऱ्या कागदावर वंशावळ काढली की बरेच गैरसमज त्या कागदावरच मिटतात.

तिसरी गोष्ट वाटपाची. मिळकत अजून एकत्र हवी. नोंदणीकृत वाटणीपत्र होऊन प्रत्येकाचा तुकडा, चतुःसीमा, पोटहिस्सा वेगळा झाला असेल, तर भावाने आपला तुकडा विकणे ही त्याच्या स्वतंत्र मालकीची विक्री आहे, आणि या हक्काचा पाया सहसा उरत नाही.

बहिणीला विसरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. ती लग्न होऊन वीस वर्षे परगावी असेल, सातबाऱ्यावर तिचे नाव चढवलेच नसेल, तरी तिचा वारसा संपत नाही. सातबारा आणि मालमत्ता पत्रक ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. २००५ च्या दुरुस्तीने राहत्या घराचे वाटप मागण्यावर मुलींना असलेली बंदीही (जुने कलम २३) निघून गेली. तिला न विचारता केलेला व्यवहार पुढे तिच्याच एका दाव्याने अडकतो.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम कायद्यात शुफा नावाचा वेगळा हक्क आहे, त्याच्या मागण्या आणि विधी वेगळे. गोव्यात हिंदू वारसा कायदा लागूच नाही. तिथला वारसा पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतून चालत आलेल्या नियमांनी चालतो, त्यामुळे पेडणे किंवा फोंड्याच्या घरासाठी खालचा मजकूर जसाच्या तसा वापरू नका.

दोन समज इथेच काढून टाकायला हवेत. फ्लॅटमध्ये किंवा दुकानात भाड्याने राहतो, एवढ्यावर भाडेकरूला ती जागा आधी विकत घेण्याचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला इतर संरक्षण देतो, हे देत नाही. शेतजमिनीच्या कुळाचा खरेदीहक्क हा कुळकायद्यातला वेगळा विषय आहे. आणि केवळ शेजारी म्हणूनही असा हक्क नाही. काही प्रांतांत शेजारीपणावर आधारलेला अग्रक्रयाधिकार होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या प्रकरणात घटनाबाह्य ठरवला. सहहिस्सेदाराचा हक्क मात्र टिकवला, कारण एका छपराखाली परका माणूस येण्यातली अडचण खरी असते.

विकणाऱ्याने काय करायचे

कलम २२ मध्ये नोटिशीचा नमुना नाही, मुदत नाही, पद्धतही नाही. कायदा एवढेच सांगतो की एखादा वारस हिस्सा हस्तांतरित करू पाहत असेल तर इतरांना तो घेण्यात प्राधान्य राहील. ही मोकळीक विकणाऱ्याला सोयीची वाटते, पण खरे तर तिच्यातच त्याचे नुकसान आहे. मुदत कायद्याने दिलेली नसल्यामुळे "मला पुरेसा वेळ दिला नाही", "तोंडी काहीतरी म्हणाला होता" असे म्हणायला जागा राहते. म्हणून स्वतःच मुदत घाला आणि सगळे लेखी करा.

गिऱ्हाइकाकडून आधी लेखी देकार घ्या. त्यात किंमत, विसार किती, बाकी रक्कम किती दिवसांत, कर्ज काढणार की नाही, हे यायला हवे. साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) मात्र इतक्यात करू नका. घरच्यांना विचारायच्या आधी साठेखत करून विसार घेतला आणि नंतर भावाने हक्क मागितला, तर एकीकडे भाऊ आणि दुसरीकडे कराराची पूर्तता मागणारा खरेदीदार अशा कात्रीत सापडाल. साठेखत करावेच लागले तर त्यात स्पष्ट अट घाला: इतर वारसांनी अमुक दिवसांत हिस्सा घेतला तर हा करार संपेल आणि विसार व्याजाविना परत होईल.

मग प्रत्येक वारसाला वेगळी नोटीस पाठवा. आईच्या पत्त्यावर सगळ्यांच्या नावे एकच पाकीट पाठवून भागत नाही. पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा, पावती आणि पाकिटाची झेरॉक्स जपून ठेवा, शिवाय व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर पीडीएफही टाका. मजकूर साधारण असा:

"आपले वडील कै. … यांचे दि. … रोजी मृत्युपत्र न करता निधन झाले. खालील वर्णनाच्या मिळकतीत माझा एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा आहे. सदर हिस्सा मी रु. १५,००,००० या किमतीस श्री. … यांना विकण्याचे योजिले आहे. त्यांच्या लेखी देकाराची प्रत सोबत जोडली आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार हा हिस्सा याच किमतीस व याच अटींवर घेण्याची आपली इच्छा असल्यास ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवावे, व त्यानंतर ६० दिवसांत संपूर्ण मोबदला देऊन खरेदीखत नोंदवून घ्यावे. मुदतीत उत्तर न आल्यास आपली इच्छा नाही असे समजून मी व्यवहार पुढे नेईन."

खाली मिळकतीचे पूर्ण वर्णन द्या: गाव, तालुका, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, घर क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. खरेदीदाराचे नाव लपवू नका. कोण येणार हे कळल्यावर घरच्यांचा निर्णय बदलतो, आणि नाव न सांगता घेतलेला नकार पुढे कच्चा ठरू शकतो.

किंमत बदलली की नोटीस पुन्हा पाठवा. १५ लाखांना नको म्हणणारा भाऊ १२ लाखांना हो म्हणू शकतो. १५ ची नोटीस देऊन बाहेरच्याला १२ ला विकणे म्हणजे भावाला नवी संधी न देता विकणे, आणि कज्जा तिथूनच सुरू होतो.

घेणाऱ्याने काय करायचे

नोटीस आली की रागाने फोन लावण्याआधी पोचपावतीची तारीख लिहून ठेवा. उत्तर लेखी द्या, आणि ते बिनशर्त द्या. "घेईन, पण किंमत जास्त आहे, बघू" हे उत्तर होकारात मोजले जात नाही. किंमत खरोखर पटत नसेल तर दोन वाक्ये वेगळी लिहा: हिस्सा घेण्याचा हक्क मी वापरत आहे, किमतीबद्दल वाद असून ती न्यायालयाने ठरवावी यासाठी अर्ज करत आहे. आणि मग तो अर्ज खरोखर करा.

हिस्सा घ्यायचा तर पूर्ण घ्यायचा. भाऊ चौथा हिस्सा विकतोय तर "मला फक्त रस्त्याकडची खोली दे" असे चालत नाही. अग्रक्रयाच्या कायद्यात तुकडा निवडून घेता येत नाही, हे तत्त्व जुने आहे.

पैशांची जुळवाजुळव त्याच आठवड्यात सुरू करा. अविभक्त हिश्श्यावर बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, कारण तारण ठेवायला वेगळा दाखवता येईल असा भागच नसतो. मुदत ठेव, सोन्यावरचे कर्ज, स्वतःच्या दुसऱ्या घरावरचे कर्ज हे पर्याय आधी तपासा. ३० दिवसांच्या नोटिशीला २९ व्या दिवशी होकार आणि ९० व्या दिवशी "कर्ज मंजूर झालं नाही" ही गत फार लोकांची होते.

दोन वारस पुढे आले तर? कायद्याचे उत्तर साफ आहे: जो जास्त मोबदला देईल त्याला प्राधान्य. थोरला म्हणून, आईची सेवा केली म्हणून, घरात राहतो म्हणून वेगळे प्राधान्य नाही. घरात हे बोलायला जड जाते, पण आधी बोलून घेतलेले बरे.

घ्यायचेच नसेल तर तेही कळवा. गप्प बसून नंतर उठणे धोक्याचे आहे. इंदिराबाई विरुद्ध नंदकिशोर (१९९०) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धरले की हक्कदाराच्या वागण्यातून संमती दिसत असेल आणि खरेदीदार त्यावर विसंबून पुढे गेला असेल, तर हक्क मागता येत नाही. नव्या मालकाने बांधकाम काढले, तुम्ही रोज बघत राहिलात, पाण्याची जोडणीही दिलीत, आणि मग नोटीस पाठवलीत, तर न्यायालय पहिल्यांदा तुमच्या त्या गप्प बसण्याबद्दलच विचारील.

किमतीचा हिशेब

इथे जरा थांबू, कारण माणसे कायद्यात चुकत नाहीत, हिशेबात चुकतात.

समजा, पूर्ण घराची बाजारातली किंमत ८० लाख आहे. चौथा हिस्सा कागदावर २० लाखांचा. पण बाहेरचा माणूस १५ लाखच देतो, आणि त्यात नवल नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४४ नुसार एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला घरात येऊन सहवहिवाटीने राहण्याचा हक्क नाही. त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो. आणि तो दावा लावला की वाटप कायदा, १८९३ चे कलम ४ घरच्या हिस्सेदाराच्या मदतीला येते: तो परक्याचा हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेण्याची तयारी दाखवू शकतो, आणि मग न्यायालय मूल्यांकन करून विक्रीचा आदेश देते. गौतम पॉल विरुद्ध देबी रानी पॉल (२०००) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही सोय परक्याने वाटप मागितल्यावरच मिळते. कलम २२ ची संधी हुकली तरी राहत्या घरापुरता हा दुसरा दरवाजा उघडा राहतो.

एवढे ओझे घेऊन येणारा खरेदीदार किंमत पाडणारच. म्हणून भावाला २० लाखांचा आग्रह धरायचा असेल तर बाहेरूनही २० लाख देणारा खरा माणूस दाखवावा लागेल. आणि घेणाऱ्यानेही "घरातलाच आहे, १० लाखांत दे" म्हणण्याला कायद्याचा आधार नाही. एकमत झाले नाही तर कलम २२(२) नुसार मोबदला न्यायालय ठरवते. न्यायालयाने ठरवलेली किंमत ऐकून तुम्ही मागे फिरलात, तर त्या अर्जाचा खर्च तुमच्यावर पडतो.

मोबदल्यावर वरचा खर्च धरा. मुद्रांक शुल्क खरेदीची किंमत आणि शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यानुसार येणारी किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर लागते. तक्त्याने हिश्श्याची किंमत १८ लाख येत असेल आणि तुमच्या भागातला दर ६ टक्के असेल, तर शुल्क १,०८,०००. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १८,००० (कमाल ३०,०००). १५ लाखांचा व्यवहार इथेच १६,२६,००० चा झाला, वकील आणि शोध अहवाल वेगळे.

विकणाऱ्याला आणखी एक फटका बसतो. खरेदीखतातली किंमत तक्त्याच्या किमतीपेक्षा कमी असेल आणि तक्त्याची किंमत मोबदल्याच्या ११० टक्क्यांहून जास्त भरत असेल, तर भांडवली नफा तक्त्याच्या किमतीवर मोजला जातो. वरच्या उदाहरणात १८ लाख हे १५ लाखांच्या १२० टक्के होतात, म्हणजे भावाला न मिळालेल्या ३ लाखांवरही नफ्याचा हिशेब लागेल. सख्ख्या भावंडांच्या व्यवहारात घेणाऱ्यावर मात्र त्या फरकाचा कर येत नाही, कारण नातेवाइकांकडून मिळालेल्या मिळकतीला तिथे सूट आहे.

रोख घेऊ नका, देऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणे आयकर कायद्याने दंडपात्र आहे. आणि अग्रक्रयाच्या वादात रोखीचा दुसरा तोटा असा की खरी किंमत सिद्धच करता येत नाही. भावाला घाबरवण्यासाठी फुगवलेली किंमत खरेदीखतात लिहिणे ही जुनी युक्ती आहे. तिच्यावर उतारा एकच: बँकेच्या नोंदी मागवा आणि किंमत ठरवण्याची मागणी न्यायालयाकडे करा.

विक्री होऊनच गेली असेल तर

खरेदीखत नोंदवले गेले, तुम्हाला नंतर कळले. ताबडतोब दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून सूची २ ची (नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश) आणि दस्ताची नक्कल घ्या. विक्री व्हायची असेल तेव्हा अर्ज पुरतो; होऊन गेली असेल तर सहसा दावा लावावा लागतो, आणि त्यात विकणारा व खरेदीदार दोघांनाही पक्षकार करतात. मिळकत ज्या हद्दीत आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात.

मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ९७ अग्रक्रयाच्या दाव्याला एकच वर्ष देतो: खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून, किंवा प्रत्यक्ष ताबा देता येण्यासारखी मिळकत नसेल तर दस्ताच्या नोंदणीपासून. अविभक्त हिश्श्यात नोंदणीची तारीखच धरून चाला. "तीन वर्षं असतात ना?" या समजुतीत बरेच चांगले दावे बुडाले आहेत.

दावा लावल्याबरोबर महाराष्ट्रात आणखी एक काम असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या इथल्या दुरुस्तीमुळे चालू दाव्याचे बंधन नव्या खरेदीदारावर पडावे यासाठी दावा चालू असल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही आणि मधल्या काळात खरेदीदाराने पुढे तिसऱ्याला विकले, तर नव्या माणसाशी पुन्हा झगडा.

दावा जिंकलात तरी काम संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १४ नुसार न्यायालय पैसे भरण्याची तारीख ठरवून देते. त्या तारखेपर्यंत रक्कम आणि खर्च न्यायालयात भरला की हिस्सा तुमचा. भरला नाही तर दावा खर्चासह फेटाळला जातो. ही तारीख भिंतीवर लावून ठेवा. निकालाच्या दिवशी पेढे वाटून, पैसे भरायला उशीर झाल्यामुळे घर गमावणे हे फार वाईट हरणे आहे.

अग्रक्रयाचा हक्क दुबळा मानला जातो, हेही माहीत असू द्या. बिशनसिंग विरुद्ध खजानसिंग (१९५८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे, आणि वैध मार्गाने तो टाळता येतो हेही सांगितले आहे. खोटे बक्षीसपत्र करून आतून पैसे घेणे मात्र वैध मार्ग नव्हे. शिवाय कलम २२ मधला शब्द विक्री नसून हस्तांतरण आहे, त्यामुळे "ही विक्रीच नाही" एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही.

शेतजमीन आणि परदेशातली भावंडे

कलम २२ शेतजमिनीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बाबूराम विरुद्ध संतोखसिंग (२०१९) मध्ये निश्चित केले. त्याआधी उच्च न्यायालयांत मतभेद होते. शेतीत भावाकडे विकणे एका बाबतीत सोपेही असते, कारण तो आधीच खातेदार असतो. बाहेरचा खरेदीदार शेतकरी हवा. तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडे शेताचे पाडता येत नाहीत ते क्षेत्र) आपल्या तालुक्याला किती आहे, ते नोटीस पाठवण्याआधी पाहून घ्या.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणारी बहीण वारसाने शेतजमिनीची मालक राहू शकते, पण अनिवासी भारतीयाला परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार शेतजमीन विकत घेता येत नाही. तिचा कलम २२ चा हक्क तिथे व्यवहारात अडतो. घर किंवा फ्लॅट ती घेऊ शकते. ती विकणार असेल तर घेणाऱ्याने लक्षात ठेवावे की ५० लाखांची मर्यादा आणि १ टक्क्याची करकपात (टीडीएस) निवासी विकणाऱ्यासाठी आहे. अनिवासी विकणाऱ्याच्या पैशांतून कर वेगळ्या, जास्त दराने आणि पहिल्या रुपयापासून कापावा लागतो. तिचे मुखत्यारपत्र परदेशात केलेले असेल तर ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरून घ्या.

करारातून आलेला हक्क

कायदा हक्क देत नसेल तर करार देऊ शकतो. दोन मित्रांनी मिळून घेतलेला गाळा, वाटप करून शेजारी शेजारी राहिलेले भाऊ, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, अशा ठिकाणी तो उपयोगी. रामबरन प्रसाद विरुद्ध राममोहित हाजरा (१९६७) मध्ये असा करार सर्वोच्च न्यायालयाने वैध धरला. त्यातून जमिनीत हितसंबंध निर्माण होत नाही, त्यामुळे शाश्वततेविरुद्धचा नियम (मिळकतीतले हितसंबंध अनिश्चित काळ पुढे ढकलायला मनाई करणारा) आड येत नाही.

पण हितसंबंध निर्माण होत नाही यातच त्याची दुखरी जागा आहे. कराराची माहिती नसताना, सद्भावनेने पैसे मोजून घेणाऱ्या खरेदीदारावर तो लादता येत नाही. "नोंदणी केली म्हणजे जगाला माहिती झाली" असे सांगणारे भेटतील. कायद्याने सक्तीची नोंदणी असलेल्या दस्ताबाबत ते बरोबर आहे. नुसत्या अग्रक्रयाच्या कराराची नोंदणी ऐच्छिक असते, तिथे तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. हे कलम शक्यतो वाटणीपत्रात किंवा खरेदीखतातच घाला, कारण ते दस्त नोंदवावेच लागतात. शिवाय विक्रीची कुणकुण लागताच खरेदीदाराला थेट नोटीस द्या.

मसुद्यात "योग्य किमतीला प्रथम संधी द्यावी" असे लिहू नका. योग्य म्हणजे किती, यावर करार अनिश्चित ठरून पडू शकतो. बाहेरच्या खऱ्या लेखी देकाराची प्रत द्यायची, तीच किंमत, तेवढे दिवस, असे लिहा. बक्षीस, अदलाबदल, दीर्घ भाडेपट्टा हे विक्रीत मोडतात का आणि मुलांच्या नावे करणे वगळले आहे का, हे ठरवा. नकार आल्यावर बाहेरच्याला त्याच किमतीला विकायला ९० दिवस द्या, त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. आणि दोन मिळकती एकत्र विकल्या तर आपल्या मिळकतीची किंमत वेगळी दाखवायची, हे वाक्य जरूर घाला. ते नसले की शेजारच्या प्लॉटसह एकठोक किंमत सांगून हक्क सहज निष्प्रभ करता येतो.

बाहेरचा खरेदीदार असाल तर

तीस वर्षांचा शोध अहवाल, वारस नोंदीचा फेरफार आणि वंशावळ पाहा. मग प्रत्येक वारसाला खरेदीखतात मान्यता देणार (व्यवहाराला संमती देणारा पक्ष) म्हणून सही करायला लावा. वेगळे ना-हरकत पत्र घेतलेच तर त्यात किंमत आणि तुमचे नाव असू द्या. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस द्या, पण ती थेट नोटिशीची जागा घेत नाही.

दस्त करताना आणि नंतर

भावंडांत पैसे देऊन हिस्सा घ्यायचा तर खरेदीखत करा. नाममात्र शुल्काच्या मोहाने बिनमोबदला हक्कसोडपत्र करून पैसे मागच्या दाराने दिले, तर दस्त खोटा होतो, मुद्रांक शुल्काची वसुली आणि दंड मागे लागतो, आणि उद्या भाऊ "मी फुकट सोडलं होतं, दबावाखाली" म्हणाला तर दिलेल्या पैशाचा पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो. खरोखरच बिनमोबदला सोडायचे असेल तर हक्कसोडपत्र ठीक, फक्त ते कोणाच्या लाभात हे नाव घेऊन लिहा, नाहीतर सोडलेला हिस्सा बाकी सगळ्यांत विभागला जातो. घेणारा एक आणि इतर वारस नको म्हणत असतील, तर त्यांनाही मान्यता देणार म्हणून दस्तात घ्या.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर व्हायला हवा. नोंदणीनंतर फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून तीन गोष्टी ताडून पाहा: विकणाऱ्याचे नाव कमी झाले का, तुमची आणेवारी (हिश्श्याचे प्रमाण) वाढून बरोबर आली का, आणि इतर हक्कांच्या रकान्यात जुना बोजा तसाच राहिला आहे का. बोजा राहिला असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा दाखला घेऊन तो कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.